बँडसॉ घेताना आधी काय कापायचंय ते ठरवा



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न तीन ठिकाणांहून आला. नालासोपाऱ्याच्या एका बचत गटाला प्लायवुडच्या मखरांचं काम मिळतंय. भुईगावच्या एका ताईंना नाताळच्या गोठ्यासाठी लाकडी मेंढ्या, गाई आणि छोटी घरं करून विकायची आहेत. विरारची एक मुलगी दारावरच्या नावाच्या पाट्या करते, तिला हाताने करवत चालवून खांदा धरायला लागलाय. तिघी विचारतात, घरात ठेवायला बँडसॉ घ्यायचाय, स्वस्तातला कुठला घेऊ?

कंपनीचं नाव रेडिओवर सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी उपयोग थोडाच. दोन वर्षांनी तेच यंत्र वेगळ्या रंगात, वेगळ्या नावाने येतं. भावही सारखे बदलतात. तेव्हा आज आपण पारख कशी करायची ते बघू. बचत गटाचं कर्ज काढून घेतलेलं यंत्र तीन महिन्यांनी चादर टाकून कोपऱ्यात उभं राहिलं, तर हप्ते काही थांबत नाहीत.

ज्यांनी बँडसॉ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोघांवर शिलाई मशीनच्या पट्ट्यासारखं ताणून बसवलेलं दातेरी पोलादी पातं. वखारीत याला पट्टा म्हणतात. मोटर खालचं चाक फिरवते, पातं मधल्या टेबलातून सतत वरून खाली जातं, आणि आपण लाकूड टेबलावरून पुढे सरकवत न्यायचं. पातं अरुंद असल्यामुळे लाकूड वळवत नेलं की वळणदार कापता येतं. जाड फळी उभी धरून तिच्या दोन पातळ फळ्याही करता येतात. ही दोन कामं बँडसॉइतकी सोपी दुसऱ्या कुठल्या यंत्रावर होत नाहीत.

या यंत्रात एका बाईचा मोठा वाटा आहे. अखंड फिरणाऱ्या पात्याची कल्पना इंग्लंडच्या विल्यम न्यूबेरीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. पण पातं चाकावरून वाकून वाकून जोडावर तुटायचं, त्यामुळे जवळजवळ ४० वर्षं ती कल्पना पडून राहिली. जोड टिकवण्याची रीत शोधली फ्रान्सच्या ॲन पोलीन क्रेपँ हिने. १८४६ मध्ये तिने पेटंटसाठी अर्ज केला आणि नंतर पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिच्याकडून ते हक्क विकत घेतले. बँडसॉचा जीव अजूनही त्या जोडातच आहे. म्हणून आज पात्याबद्दल मी जास्त बोलणार आहे.

आता आपल्या कामाकडे येऊ. दुकानात पाऊल टाकायच्या आधी वही घ्या आणि पुढच्या सहा महिन्यांत काय काय कापायचंय ते लिहा. किती जाड, किती मोठं, सरळ की वळणाचं, आणि आतून कापायचंय का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बँडसॉचं पातं अखंड कडं असतं, त्यामुळे कापायला सुरुवात लाकडाच्या कडेपासूनच करावी लागते. मखराच्या मधली जाळी, अक्षराच्या पोटातलं भोक, खिडकीची नक्षी, यातलं काहीही बँडसॉवर होत नाही. त्याला हातात धरायचा जिगसॉ लागतो किंवा बारीक नक्षीसाठी स्क्रोल सॉ. नालासोपाऱ्याच्या गटाने आपले नमुने वाचून दाखवले तेव्हा निम्म्याहून जास्त काम जाळीचं निघालं. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून प्लायच्या मखराला मागणी आहे हे खरंच, पण त्यांची पहिली खरेदी जिगसॉची असायला हवी. तो बँडसॉच्या मानाने खूप स्वस्त पडतो. बँडसॉ पुढच्या वर्षी घेता येईल.

भुईगावच्या ताईंचं उलट आहे. मेंढीची बाह्याकृती, गाईची पाठ, घराचं छप्पर, सगळी कापणी बाहेरून आणि एकेका नमुन्याचे पन्नास-शंभर नग. चार पातळ फळ्या एकावर एक चिकटपट्टीने बांधून एकदाच कापल्या की चार मेंढ्या तयार. त्यांनी बँडसॉ जरूर घ्यावा.

यंत्राचं माप दुकानदार इंचात सांगतो. आठ इंची, दहा इंची, चौदा इंची म्हणजे चाकाचा व्यास. पातं आणि मागचा खांब यांच्यामध्ये जेवढी जागा, तेवढंच रुंद लाकूड आत जातं, आणि ती जागा चाकाच्या मापाहून किंचित कमीच असते. याशिवाय आणखी एक माप विचारा, जे बायकांना सहसा कुणी सांगत नाही. टेबलापासून वर किती उंच लाकूड जातं? टेबलावर ठेवायच्या आठ इंची यंत्रात साधारण ८० मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांच्या आसपास. चौदा इंचीमध्ये सहा इंचांपर्यंत. मेंढ्या, पाट्या, मोबाइल ठेवायचे स्टँड, पोळपाटाचा गोल, यासाठी आठ ते दहा इंची यंत्र पुरतं. फणसाच्या किंवा सागाच्या जाड तुकड्यातून फळ्या काढायच्या असतील तर त्या छोट्या यंत्राच्या मागे लागू नका. मोटर दमते, पातं बाक धरतं, फळी एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ येते. अशी फळी महिन्यातून दोनदाच लागत असेल तर वखारीत पैसे देऊन चिरून आणा. त्यासाठी मोठं यंत्र घेणं म्हणजे वर्षातून एका लग्नासाठी घरात शंभर माणसांची भांडी घेण्यासारखं आहे.

वजनाचाही विचार करा. टेबलावरचं छोटं यंत्र दोघी मिळून सहज उचलतात. चौदा इंची यंत्राला चार माणसं लागतात. वसईत राहणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. जुलै २०१८ चं पाणी कुणाच्या तळमजल्यात किती चढलं होतं ते सगळ्यांना आठवतंय. छोटं यंत्र माळ्यावर जातं. मोठ्याची मोटर तळाशी असते, ती पाण्यात गेली की यंत्राच्या किमतीचा मोठा भाग गेला.

पात्याचं आता नीट ऐका. पातं जितकं अरुंद तितकं वळण लहान घेता येतं. ३ मिलिमीटरचं पातं शर्टाच्या बटणाएवढ्या गोलाभोवती वळतं. ६ मिलिमीटरचं दहा रुपयांच्या नाण्याहून थोड्या मोठ्या गोलाभोवती. १० मिलिमीटरचं छोट्या वाटीएवढ्या, आणि १२ मिलिमीटरचं बशीएवढ्या गोलाभोवती. पातं याहून लहान वळणात जबरदस्तीने फिरवलं की पिळवटतं, तापतं आणि तुटतं. मेंढीच्या कानासाठी ३ किंवा ६ चं, सरळ फळीसाठी १२ चं. एकच पातं सगळ्याला लावलं तर दोन्ही कामं वाईट होतात.

दात किती असावेत? एका इंचात किती दात हे पात्यावर किंवा पाकिटावर लिहिलेलं असतं. कापताना निदान तीन दात लाकडाच्या जाडीत असले पाहिजेत. सहा मिलिमीटरच्या पातळ एमडीएफला इंचाला १४ दातांचं पातं लागतं, नाहीतर कडा फाटतात. १८ मिलिमीटरच्या प्लायला इंचाला सहा दात पुरे. दोन-तीन इंच जाड लाकडाला तीन किंवा चार दातांचं घ्या, कारण बारीक दातांमध्ये भुसा अडकून पातं जळतं. लाकडाला काळा डाग पडला, जळका वास आला, की आधी पातं बदला. यंत्रावर खापर नंतर फोडा.

आता या सगळ्यातला पैशाचा प्रश्न. यंत्र विकत घेताना पात्याची लांबी किती ते विचारा आणि लिहून घ्या. मग त्याच लांबीची पाती दुकानदार कुठून देतो, वर्षभर देईल का, ते विचारा. बाहेरून आलेल्या काही यंत्रांच्या पात्यांची लांबी अशी विचित्र असते की पातं तुटलं की पंधरा दिवस वाट बघा. इथे वखारीतला पट्टा जोडणारा कारागीर कामाला येतो. त्याच्याकडे अरुंद पात्यांची गुंडाळी आणि छोटं जोडयंत्र असेल तर तो हव्या लांबीचं पातं तयार पात्याहून स्वस्तात करून देतो. यंत्र घेण्याआधी अशा एका माणसाला भेटून या. तो जवळपास असेल तर स्वस्त यंत्रही परवडतं. नसेल तर महाग यंत्रसुद्धा महागात पडतं. मी तर म्हणेन, हातात जितके पैसे असतील त्यातला चौथा हिस्सा यंत्राला लावूच नका. तो पाती, वीज, मास्क आणि भुसा ओढण्याच्या सोयीसाठी बाजूला ठेवा.

दुकानात काय बघायचं? मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला हत्यारांची आणि यंत्रांची दुकानं ओळीने आहेत. विरार लोकलने मरीन लाइन्सला उतरून चालत जाता येतं. पिशवीत एक इंच जाडीची आपली फळी आणि पेन्सिल घेऊन जा. आधी वीज बंद असताना वरचं चाक हाताने फिरवा. ते डुलत असेल तर तिथेच थांबा. चाकावरचा रबर तडकलेला नाही ना ते बघा. पात्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे त्याला आधार देणारे छोटे बेअरिंग किंवा ठोकळे असतात, त्यांना गाइड म्हणतात. हे टेबलाच्या वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी असायला हवेत. स्वस्त यंत्रात खालचे गाइड कधीकधी नावालाच असतात. मग पातं ताणायचा स्क्रू फिरवा आणि यंत्राच्या खांबाकडे बघत राहा. ताण देताना खांब वाकताना दिसला तर त्या यंत्रावर रुंद पातं कधीच नीट ताणलं जाणार नाही.

त्यानंतर चालू करायला सांगा. पाचचं जुनं जाड नाणं टेबलावर कडेवर उभं करा. यंत्र चालू असताना ते उभं राहिलं तर थरथर कमी आहे. पडलं तर यंत्र लगेच वाईट ठरत नाही, कधी स्टँड डुगडुगत असतो, पण दुकानदाराला कारण विचारायला तुम्हाला जागा मिळते. शेवटी फळीवर सरळ रेघ ओढून कापून बघा. दुकानदार म्हणेल, ताई, राहू द्या, मी कापून दाखवतो. त्याला कापू द्या, मग तुम्हीही कापा. बिल घ्या. पक्क्या बिलावर जीएसटी लागतो म्हणून काहीजणी टाळतात, पण बिलाशिवाय वॉरंटीही नाही आणि कर्जाच्या कागदात यंत्र दाखवताही येत नाही.

जुनं यंत्र घ्यावं का? वालीव, सातिवली, गोखिवरे भागात फर्निचरचे गाळे उघडतात आणि बंदही होतात. तिथे ओतीव लोखंडाचं चांगलं जुनं यंत्र नव्या हलक्या यंत्राच्या भावात मिळू शकतं. दोन गोष्टी मात्र तपासा. ओतीव भागाला कुठे चीर किंवा जोड दिलेला आहे का? आणि मोटर थ्री फेज आहे का? घरात सिंगल फेज असते. थ्री फेज मोटर घरी चालणार नाही, ती बदलायचा खर्च किमतीत धरा.

विजेचं बिल हा फार मोठा प्रश्न नाही. अडीचशे वॅटचं छोटं यंत्र चार तास सलग चाललं तर एक युनिट जातं. एक हॉर्सपॉवरचं यंत्र पूर्ण भारावर तासाला एका युनिटच्या आसपास. मोठा प्रश्न वेगळाच आहे, आणि आजच्या सगळ्या बोलण्यातलं हे एवढं तरी लक्षात ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कशी जाते-येते ते तुम्ही जाणता. समजा कापता कापता लाइट गेली. यंत्र थांबलं. तुम्ही अडकलेला तुकडा काढायला पात्याजवळ हात नेला आणि तेवढ्यात लाइट आली. साधं बटण चालूच राहिलेलं असतं, यंत्र आपोआप फिरायला लागतं. यासाठी एक वेगळं बटण येतं. वीज गेली की ते स्वतः सुटतं, आणि वीज आल्यावर पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. इलेक्ट्रिशियन त्याला नो-व्होल्ट स्विच म्हणतात. स्वस्त यंत्रात ते आहे का ते आधी विचारा. प्लग लावून यंत्र चालू करा, यंत्र चालू असतानाच भिंतीवरचं बटण बंद करा, परत लावा. यंत्र गप्प राहिलं पाहिजे. राहत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून ते बटण बसवून घ्या आणि तोवर एकही फळी कापू नका. सोबत अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर यंत्र चालवू नका.

बँडसॉबद्दल लोक म्हणतात की तो सुरक्षित. पातं लाकूड खाली टेबलावर दाबतं, त्यामुळे गोल करवतीसारखं लाकूड अंगावर उडून येण्याची भीती कमी, हे खरं. पण बोट त्याला फळीहून मऊ लागतं. वरचा गाइड लाकडाच्या अगदी जवळ, जेमतेम बोटाच्या अर्ध्या रुंदीवर आणून ठेवा, म्हणजे उघडं पातं कमी राहतं. छोटा तुकडा हाताने ढकलू नका, लाकडी पट्टीने ढकला. पदर खोचूनसुद्धा भरवसा नाही, त्यामुळे काम करताना साडी आणि ओढणी दोन्ही नकोत. केसांचा अंबाडा, मंगळसूत्र कपड्याच्या आत, बांगड्या काढून. काचेच्या बांगड्या काढायला सासूबाई नाही म्हणाल्या तर त्यांना एकदा यंत्राजवळ उभं करून पातं फिरताना दाखवा. हातमोजे घालू नका, मोजा दातात अडकला की हात घेऊन जातो.

भुसा स्वयंपाकघरात जातो ही तक्रार सगळ्यांची असते, पण तो छातीतही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातली. एन-९५ मास्क लावा, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. यंत्राला भुसा बाहेर पडायचं तोंड असतं, त्याला जुना व्हॅक्यूम क्लीनर जोडला तरी खूप फरक पडतो. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर यंत्र राहत्या खोलीत नकोच. पडवी, गॅरेज, मागचं छप्पर बघा. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आवाजामुळे सोसायटीशी भांडण ठरलेलं आहे.

लाकूड कुठून आणायचं? वसई पूर्वेच्या कारखान्यांतून पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन लाकूड स्वस्तात मिळतं. त्यात मोडके खिळे असतात, एक खिळा लागला की पातं संपलं. चुंबक फिरवून बघा. परदेशातून आलेल्या पेटीवर शिक्का असतो. त्यात एच-टी अशी अक्षरं असली तर लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं आहे. एम-बी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. त्या लाकडाची खेळणी करू नका. नारळाचं खोड आपल्या वाडीत फुकट मिळतं, पण ते पात्याची धार फार लवकर मारतं. सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांसाठी पांगाऱ्यासारखं मऊ लाकूड वापरत आले, ते उगाच नाही.

ओंडके मात्र घरी आणून चिरायला घेऊ नका. गोल लाकूड चिरणं म्हणजे कायद्याच्या नजरेत आरागिरणी, आणि तिला वन खात्याचा परवाना लागतो. ४ मार्च १९९७ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरागिरण्या ताबडतोब बंद करायला सांगितल्या होत्या. आपल्या गावाच्या डोक्यावर तुंगारेश्वरचं अभयारण्य आहे, इथे वन खातं डोळे मिटून बसत नाही. परवाना असलेल्या वखारीतून चिरलेली फळी घ्या, पावती जपून ठेवा. आणि यंत्र घेण्याआधी मांडवीच्या वन कार्यालयात एक साधा अर्ज द्या. अमुक मापाचं यंत्र, अमुक कामासाठी, चिरलेल्या लाकडावर वापरणार आहे, परवानगी लागते का, असं लिहून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. वाडीतला स्वतःचा आंबा तोडायलाही महापालिका हद्दीत आधी परवानगी लागते.

पैशाची सोय. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात सुतार आहेत, होडी बांधणारे आहेत, पारंपरिक खेळणी करणारेही आहेत. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि प्रशिक्षणानंतर ५ टक्के व्याजाने पहिल्यांदा एक लाखापर्यंत कर्ज मिळतं. घरातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो, तेव्हा नवऱ्याच्या नावाने अर्ज आधीच गेलाय का ते बघा. नसेल तर तुमच्या नावाने भरा. मोठा उद्योग करायचा असेल तर पीएमईजीपीमध्ये शहरी भागात बायकांना प्रकल्पाच्या २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे.

खेळणी विकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्या. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. ती नोंदणी करून कारागीर ओळखपत्र घ्या. मेंढ्या आणि गाई शोभेच्या म्हणून विकल्या तरी मुलं त्या तोंडात घालतातच.

यंत्र घरी आलं की वसईच्या खाऱ्या हवेची काळजी सुरू होते. टेबलाला आठवड्यातून एकदा साधी मेणबत्ती घासून कापडाने पुसा, गंज धरत नाही आणि लाकूडही हलकं सरकतं. काम झालं की पात्याचा ताण सैल करा, नाहीतर चाकावरच्या रबरात खळगा पडतो. सुटी पाती मशीनच्या तेलाचं बोट लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, तीन वेढ्यांत दुमडून टांगून ठेवा. तीन वेढे कसे घालायचे ते पट्टा जोडणाऱ्या कारागिराकडून एकदा हातात घेऊन शिकून घ्या. जाड कपडे आणि चष्मा घाला, कारण सुटलेलं पातं स्प्रिंगसारखं उसळतं.